डिकीतली पान्यांची पिशवी

नव्या मोटारीच्या डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत, एक लहानशी पिशवी असते. तिच्यात सहसा जॅक, जॅक फिरवायचा दांडा, चाकाचा पाना आणि गाडी ओढण्यासाठी पुढे लावायचा हूक निघतो. बस्स. हा संच एकाच कामासाठी दिलेला असतो: पंक्चर झालेले चाक उतरवून दुसरे चढवणे. पद्मिनी-अॅम्बॅसडरच्या जमान्यात गाडीबरोबर दोन-चार फिक्स पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि प्लगपाना मिळत असे, कारण त्या गाड्यांना वाटेत हात लावावा लागणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होते. आता गाड्या कमी बंद पडतात म्हणून पिशवी रोडावली. काही गाड्यांतून तर स्टेपनीही गेली. टायरमधील हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली दिली गेली.

तरीही मोटार रस्त्यात थांबतेच. बॅटरी उतरते, खिळा घुसतो, फ्यूज जातो, रेडिएटरचा पाइप गळू लागतो, खड्ड्यात आपटून इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण लोंबकळते, वायपरचा नट सैल होतो. यांतल्या बऱ्याच गोष्टी दहा-पंधरा पाने आणि थोड्या किरकोळ सामानाने जागच्या जागी सुटतात. ते सामान मात्र ज्याचे त्याने जमवावे लागते.

बाजारात यावर सोपा उपाय मिळतो. ब्रीफकेससारख्या प्लॅस्टिकच्या पेटीत ९४, १०८ किंवा त्याहूनही जास्त नगांचा संच. नगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि ती फुगवण्याची युक्तीही ठरलेली असते. स्क्रूच्या टोकांचे बिट स्वस्त पडतात म्हणून ते तीस-चाळीस भरायचे, चार-पाच मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट) घालायच्या, ज्या मोटारीत क्वचितच कुठे लागतील. पेटीत प्रत्येक वस्तूला साच्याचा खळगा असल्याने तिच्यात बाहेरचे काही मावत नाही. पक्कड, टेप, फ्यूज यांना जागाच नसते. चांगल्या कंपनीचा संच घरच्या कामाला उत्तम, पण गाडीत ठेवण्यासाठी तो फारसा सोयीचा नाही. गाडीतला संच उलट्या दिशेने जमवावा लागतो: आधी या गाडीत रस्त्यावर काय काय बिघडू शकते ते पाहायचे, मग ते सोडवायला कोणत्या मापाचे काय लागेल ते लिहायचे, आणि तेवढेच विकत घ्यायचे. ब्रेकच्या तेलाची वाहिनी, टायमिंग बेल्ट, क्लच, एसीचा गॅस, एअरबॅग ही कामे रस्त्याच्या कडेची नाहीत. त्यांची हत्यारे पिशवीत ठेवणे म्हणजे निव्वळ वजन वाहणे.

मापांचा घोळ

पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा नसतो. तो बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर सांगतो. ६ मिमी जाडीच्या बोल्टला १० नंबरचा पाना बसतो, हे जवळपास सगळीकडे सारखे. पुढे मात्र देशादेशांच्या रीती वेगळ्या होतात. ८ मिमीच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२चे, तर युरोपीय पद्धतीत १३चे. १० मिमीच्या बोल्टला जपानी गाडीत १४चा पाना लागतो, युरोपीय गाडीत १६ किंवा १७चा. १२ मिमीच्या बोल्टला जपानी गाडीत १७, युरोपीय गाडीत १८ किंवा १९.

म्हणूनच मारुती, टोयोटा, होंडा किंवा ह्युंदाईच्या मालकाला ८, १०, १२, १४, १७ आणि १९ या सहा मापांत बहुतेक बोल्ट गाठता येतात आणि त्याच्या संचातला १३चा पाना वर्षानुवर्षे कोरा राहतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मालकाला मात्र १३, १६ आणि १८ यांवाचून चालत नाही. टाटा, महिंद्राच्या अनेक गाड्यांतही १३चे डोके भेटते. जुन्या जीपगाड्या आणि अॅम्बॅसडर इंची मापांच्या. त्यामुळे जुन्या मिस्त्रींच्या पेटीत अर्धा इंची, ९/१६, ३/४ असे आकडे कोरलेले पाने आजही निघतात. त्यांतला ३/४ इंची पाना म्हणजे १९.०५ मिमी, तो १९च्या डोक्यावर बेमालूम बसतो. पण ९/१६ म्हणजे १४.३ मिमी, तो १४च्या बोल्टवर चढतो आणि जोर लावताच घसरतो. अशा ‘जवळपास बसणाऱ्या’ पान्याने बोल्टचे कोपरे गोल होतात. कोपरे गोल झालेला बोल्ट काढणे हे मग वेगळेच काम होऊन बसते. १२च्या डोक्यावर १३चा पाना लावण्याची सवय म्हणूनच महाग पडते.

चाकाच्या नटांचे माप वेगळे पाहावे लागते. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ची गोटी लागते, ह्युंदाईच्या गाड्यांना २१ची, आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या चाकांना नटांऐवजी १७चे बोल्ट असतात. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगसाठी आज १६ची लांब गोटी बहुतेक ठिकाणी चालते. जुन्या गाड्यांना २१ची लागे. हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. एका सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून, बॅटरीच्या टर्मिनलपासून हेडलाइटच्या मागच्या बोल्टपर्यंत, उसन्या पान्यांनी एकेक माप लावून कागदावर टिपले की त्या गाडीपुरती यादी तयार होते. ती साधारण सात-आठ आकड्यांची भरते. १०चा पाना तीत सर्वांत जास्त वेळा येतो आणि हरवतोही सर्वांत जास्त, म्हणून तो दोन नग घ्यावा.

पाना, गोटी आणि दांडा

एकाच मापाचा पाना तीन रूपांत मिळतो. फिक्स पान्याचे तोंड उघडे असते. तो बाजूने सरकवता येतो, पण बोल्टच्या दोनच बाजूंना धरतो. रिंग पाना सर्व बाजूंनी वेढतो, त्यामुळे घसरत नाही, मात्र तो वरूनच बसवावा लागतो. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेला कॉम्बिनेशन पाना पिशवीसाठी सर्वांत सोयीचा. जाम बोल्ट रिंगने सैल करायचा आणि मग उघड्या तोंडाने फिरवून काढायचा, अशी त्याची रीत. उघडे तोंड दांड्याशी १५ अंशांनी तिरके का असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सहा कोपऱ्यांचा नट एकदा ६० अंश फिरवला तरच पाना पुन्हा त्याच जागी बसतो. अडचणीच्या जागेत इतका फेर मिळत नाही. तोंड तिरके असल्यामुळे पाना उलटा करून लावला की निम्म्या, म्हणजे ३० अंशांच्या फेरातच नवी पकड मिळते.

गोटीच्या पान्याचे काम याहून जलद. गोटीत सहा कोपरे असावेत की बारा, यावर दुकानात चर्चा रंगते. बारा कोपऱ्यांची गोटी नटावर पटकन बसते, पण सहा कोपऱ्यांची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते, कोपऱ्यांवर नाही. गंजलेल्या, अर्धवट झिजलेल्या बोल्टवर हा फरक निर्णायक ठरतो, तेव्हा गाडीतल्या संचासाठी सहा कोपऱ्यांच्याच घ्याव्यात. रॅचेटच्या आत दाते असतात. ७२ दात्यांचा रॅचेट दर ५ अंशांना पकड घेतो, २४ दात्यांच्या रॅचेटला १५ अंश फिरावे लागते. इंजिनाच्या आजच्या खच्चून भरलेल्या खोलीत बारीक दात्यांचा रॅचेट बरा पडतो. जाम नट फोडण्यासाठी मात्र रॅचेट वापरू नये, त्याचे दाते तुटतात. त्या कामाला साधी टॉमी किंवा लांब दांडा हवा.

गंमत अशी की गोट्या मिलिमीटरच्या असल्या तरी रॅचेटचा चौकोन जगभर इंचातच राहिला आहे: पाव इंच, तीन-अष्टमांश इंच आणि अर्धा इंच. कारागिरांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ते झाले दोन, तीन आणि चार सूत. एकाच पिशवीत तिन्ही चौकोन भरण्याचा मोह होतो, पण त्याची गरज नसते. तीन सुती रॅचेट, ८ ते १७ या गोट्या, एक १५ सेंटिमीटरचे एक्स्टेन्शन आणि एक वाकणारा जोड एवढ्यावर बॉनेटखालचे जवळपास सगळे काम होते. चाकासाठी तेवढा अर्धा इंची दांडा आणि त्याची एक गोटी वेगळी ठेवायची.

दांड्याची अपुरी लांबी हा गाडीबरोबर मिळालेल्या पान्याचा खरा दोष आहे. छोट्या मोटारींच्या चाकाचे नट साधारण ८० ते १२० न्यूटन मीटर इतक्या जोराने आवळायचे असतात. १०० न्यूटन मीटर म्हणजे पाव मीटर लांब दांड्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा जोर. हे जमण्यासारखे आहे. पण टायरच्या दुकानात हवेवर चालणाऱ्या गनने नट याच्या दीडपट-दुपटीने आवळले जातात आणि मग घाटात रात्री तोच नट सोडवायला माणूस पान्यावर उभा राहून नाचतो. दांडा ५० सेंटिमीटरचा असला की लागणारा जोर निम्म्यावर येतो. बाजारात नळीसारखा ओढून लांब होणारा चाकाचा पाना मिळतो, तो या कामाला पुरेसा आहे. अधिक चिन्हाच्या आकाराचा चौफुली पाना मजबूत खरा, पण जागा खातो. आवळताना मात्र लांब दांडा बेतानेच वापरावा. सत्तर किलोंचा माणूस पाव मीटरच्या दांड्याच्या टोकावर उभा राहिला तरी जोर १७० न्यूटन मीटरपर्यंत जातो, आणि मग चाकाच्या बोल्टचे आटे ताणले जातात. नट एकाआड एक, समोरासमोर आवळायचे, आधी हाताने, मग चाक जमिनीला टेकल्यावर पुरते. ६ मिमीच्या बोल्टला तर १० न्यूटन मीटर पुरतात. अर्धा इंची रॅचेटने असा बोल्ट आवळणाऱ्याच्या हातात बोल्टचे डोकेच येते.

पोलाद कसले आहे हे पान्यावर लिहिलेले असते. क्रोम व्हेनेडियम हा हाताच्या पान्यांचा नेहमीचा धातू, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. काळ्या, जाड भिंतींच्या गोट्या क्रोम मॉलिब्डेनमच्या असतात आणि त्या गनसाठी असतात; चकचकीत गोटी गनला लावली तर तडकू शकते. देशी हत्यारांत नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाचे नाव दुकानदार आधी घेतात. जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी इथे सुटे पाने मापावर मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेले परदेशी पाने स्वस्तात सापडतात. तिथे तोंड पसरलेला फिक्स पाना आणि आतून चमकणारी, म्हणजे कोपरे झिजलेली गोटी ओळखता यायला हवी. नामांकित पान्यांच्या नकला सर्वत्र आहेत. अक्षरे कोरलेली नसून नुसती छापलेली असणे आणि रिंगच्या आतल्या कडा ओबडधोबड असणे या त्यांच्या खुणा.

स्क्रू ड्रायव्हर दोनच पुरतात, एक चपटा आणि एक दोन नंबरचा चौफुली, पण चौफुलीत एक खोच आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात रूढ झालेल्या फिलिप्स स्क्रूच्या खाचा उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकून बाहेर येऊ पाहतो. जपानी चौफुली दिसायला तशीच, पण तिच्या खाचांचा आकार किंचित वेगळा आहे. जपानी स्क्रूत फिलिप्सचे टोक नीट तळाला टेकत नाही आणि खाच कुरतडली जाते. जपानी मापाचा ड्रायव्हर मिळाला तर तो दोन्हीकडे चालतो. युरोपीय गाड्यांना सहा पाकळ्यांचे टॉर्क्स बिट लागतात, त्यांतले २०, २५ आणि ३० एवढेच घ्यावेत. अॅलन की चार ते आठ मिमीपर्यंत.

पकडींमध्ये साधी २०० मिमीची पक्कड, नोज प्लायर आणि वाइस ग्रिप. वाइस ग्रिप हे अमेरिकेतल्या नेब्रास्कामधील विल्यम पीटरसन या लोहाराचे डोके. हात सोडला तरी ती धरून ठेवते. गोल झालेला बोल्ट, गिअर केबलचे तुटलेले टोक, गळका पाइप, काहीही आवळून धरायला दुसरे माणूस नसते तेव्हा तिची किंमत कळते. अॅडजस्टेबल पाना एक ठेवावा, पण नाइलाजाचा म्हणून. त्याचा जबडा सैल असतो आणि तो कोपरे खातो.

वीज

आजची मोटार पान्याअभावी कमी आणि विजेअभावी जास्त थांबते. मल्टिमीटर त्यामुळे पान्याइतकाच गरजेचा, आणि साधा डिजिटल मीटर पुरतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन सुरू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असण्याची शक्यता मोठी. या दोन आकड्यांनी पुढचा निर्णय ठरतो: ढकलून किंवा केबल लावून गाडी सुरू करून घरी जाता येईल, की अल्टरनेटर भरत नसल्याने ती पुढच्या गावात पुन्हा थांबेल. नवीन गाड्यांत मात्र संगणकाच्या देखरेखीखालचे अल्टरनेटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा एका क्षणाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये.

सेल्फ मारल्यावर नुसता टक आवाज आला तर आधी टर्मिनल पाहावे. पांढरा-हिरवा थर चढलेले, सैल टर्मिनल चांगल्या बॅटरीलाही मुकी करते. १०चा पाना आणि वायर ब्रश, एवढ्यावर हे काम संपते. टर्मिनल काढताना ऋण बाजू आधी आणि लावताना शेवटी, कारण धन टर्मिनलवर पाना असताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

जंपर केबल निवडताना वरचे प्लॅस्टिक न पाहता आतली तार पाहावी. लहान मोटारीचा सेल्फही शंभर अँपिअरहून जास्त वीज ओढतो. ‘५०० अँपिअर’ लिहिलेल्या स्वस्त केबलमध्ये जाड आवरणाखाली तांब्याचा मुलामा दिलेली बारीक अॅल्युमिनियमची तार असते आणि ती गाडी सुरू करण्याऐवजी स्वतःच तापते. १६ चौरस मिमी किंवा त्याहून जाड तांब्याची, तीन मीटर लांब केबल चांगली. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धनला. काळा चांगल्या बॅटरीच्या ऋणला आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये म्हणून ही वाट. लिथियमचे खिशात मावणारे जंप स्टार्टर सोयीचे आहेत, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत ते कायम ठेवणे बरे नाही. प्रवासाला निघताना सोबत घ्यावेत.

फ्यूजचे रंग सगळीकडे ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. आकार मात्र मोठा, मिनी आणि बुटका असे वेगवेगळे, तेव्हा आपल्या गाडीतला एक काढून दुकानात न्यावा आणि प्रत्येकाचे दोन-तीन घ्यावेत. गेलेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालणे किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जळू देणे.

भारतात साधारण २०१३नंतर विकल्या गेलेल्या मोटारींत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे तोंड असते. त्याला लावायचा ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि फोनवरचे अॅप यांनी इंजिनाचा पिवळा दिवा का लागला त्याचा कोड वाचता येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. कोड भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ आला की सेन्सर बदलायला धावण्याआधी हवा खेचणारा एखादा फाटका पाइप शोधावा. रस्त्यावर याचा खरा उपयोग एवढाच: गाडी सावकाश चालवत नेता येईल की नाही ते ठरवणे.

चाक आणि बाकीचे किरकोळ

ट्यूबलेस टायरचा दुरुस्ती संच स्वस्त आहे आणि शिकायला सोपा: खिळा उपटायची पक्कड, भोक खरवडायची गोल कानस, डोळ्याची जाड सुई आणि चिकट पट्ट्या. भोक चालीच्या जाड रबरात असेल तरच हा उपाय. टायरच्या भिंतीला पडलेले भोक पट्टीने बुजत नाही, तिथे स्टेपनीच लावावी. सोबत १२ व्होल्टचा हवेचा पंप हवा. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर छापलेले असते, टायरवर लिहिलेला मोठा आकडा त्यासाठी नसतो.

गाडीबरोबरचा जॅक चाक बदलण्यापुरताच. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. खाली जायचे असेल तर घोडी (जॅक स्टँड) लावावी, आणि घोडी ही या पिशवीतली वस्तू नाही. मऊ मातीत जॅक रुततो, म्हणून एक फूटभर लांबीची जाड लाकडी फळी आणि दुसऱ्या चाकांना लावायचे दोन अडसर डिकीत असावेत.

किरकोळ सामानात प्लॅस्टिकचे केबल टाय आधी. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेल्यावर खालच्या आवरणाच्या क्लिपा निघतात आणि ते जमिनीला घासू लागते. चार टाय लावले की घर गाठता येते. इन्सुलेशन टेप, मीटरभर वायर, बारीक बाइंडिंग तार, एम-सील आणि दोन होज क्लिपा. बहुतेक स्क्रूच्या क्लिपांना ७ किंवा ८ मिमीचे षटकोनी डोके असते, म्हणून त्या गोट्या वगळू नयेत. कारखान्यातून बसवलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा पकडीने दाबून काढतात. पाइप गळत असेल तर इंजिन थंड होईपर्यंत किमान अर्धा तास रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकते. गंजलेल्या बोल्टसाठी डब्ल्यूडी-४०सारखा फवारा ठेवावा. कोकणपट्टीत खारी हवा नट-बोल्टना वर्षभरात पकडते, तिथे तो रोज लागतो. फवारून दहा मिनिटे थांबण्याचा धीर बहुतेकांना नसतो, आणि बोल्ट तुटतो तो त्याचमुळे. हा फवारा ग्रीसचे काम मात्र करत नाही.

डोक्याला बांधायचा दिवा हातातल्या बॅटरीपेक्षा दसपटीने बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. पातळ नायट्राइलचे हातमोजे, कॉटन वेस्ट, लाल त्रिकोण आणि चमकते जाकीट. महामार्गावर हत्यारे काढण्याआधी त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवायचा. द्रुतगती मार्गाच्या कडेला रहदारीच्या बाजूचे चाक बदलू नये. कठड्यामागे उभे राहून मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांवर त्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे.

सीएनजीच्या गाडीत गॅसच्या नळीच्या एकाही जोडाला या पिशवीतला पाना लागता कामा नये. विजेवरच्या गाडीत नारिंगी केबलना हात लावायचा नाही, त्यांत काहीशे व्होल्टचा दाब असतो. मात्र तिच्यातही दिवे आणि संगणकांसाठी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती उतरली की एवढी मोठी गाडी दारही नीट उघडत नाही, तेव्हा मल्टिमीटर आणि १०चा पाना तिथेही लागतो.

पिशवी

पत्र्याची पेटी खडखडते आणि अपघातात उडते. जाड कॅनव्हासची, रुंद तोंडाची पिशवी चांगली. पान्यांसाठी तिच्यात खिसे शिवलेली कापडाची गुंडाळी ठेवली की प्रत्येक पाना जागेवर आहे की नाही हे एका नजरेत कळते. सगळे मिळून वजन आठ-दहा किलोंच्या आत राहावे. सीएनजीच्या गाड्यांत डिकीत टाकी असते, तिथे पिशवी दोन सपाट भागांत करून पुढच्या सीटखाली आणि डिकीच्या कोपऱ्यात बांधून ठेवावी लागते. ती सुटी मात्र नको. अचानक ब्रेक लागला की दहा किलो लोखंड पुढे झेपावते. सर्वांत आधी लागणाऱ्या वस्तू वर: दिवा, हातमोजे, त्रिकोण, मीटर. पाने खाली.

गावोगाव फिरून घरपोच काम करणाऱ्या मिस्त्रीचा संच याच्यावरच उभा राहतो, फक्त तो एका गाडीपुरता नसतो. त्याच्याकडे जपानी आणि युरोपीय दोन्ही मापे लागतात, म्हणजे ८ ते १९ मधला एकही आकडा वगळता येत नाही. त्याखेरीज टॉर्क रेंच, दोन घोड्या, ब्रेक कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलायचे साधन, ऑइल फिल्टरचा पाना, तेल झेलायची थाळी आणि एबीएस-एअरबॅगचे कोड वाचणारा पुरता स्कॅनर. एवढे झाले की पिशवी दुचाकीवर मावत नाही. अनेक जण मग रोजची कामे आदल्या दिवशी ठरवून तेवढीच हत्यारे भरतात आणि बाकीची घरी ठेवतात.

संच जमल्यावर एकदा घराच्या अंगणात त्याची चाचणी घ्यावी. फक्त पिशवीतल्या वस्तू वापरून एक चाक काढून लावायचे, बॅटरी सोडवून जोडायची, एअर फिल्टर काढायचा, एक फ्यूज बदलायचा. कोणती गोटी कमी आहे, जॅक नेमका कुठल्या खाचेत बसतो आणि चाकाचे कुलूप असेल तर त्याची किल्ली कुठे आहे, हे तेव्हाच कळते. काही मिश्रधातूच्या चाकांना चोरीपासून बचावासाठी एक वेगळ्या आकाराचा नट असतो आणि त्याची किल्ली बहुधा घरच्या कपाटात निघते.

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला, पिशवी रिकामी करून प्रत्येक पाना तेलाच्या फडक्याने पुसावा. मुलामा उडालेल्या जागी पावसाळ्यात गंज धरतो. मल्टिमीटरमधला सेल फुगून गळतो, म्हणून तो बाहेर काढून वेगळा ठेवावा. केबल टाय उन्हाने कडक होऊन मोडतात, ते बदलावेत. पंक्चरच्या पट्ट्या कोरड्या पडल्या असतील तर त्या सुईत ओवताना तुटतात. रबराच्या सोल्युशनची ट्यूब तर एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, त्यामुळे एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान आणि न फोडलेल्या ठेवलेल्या बऱ्या.